हरत्या संघास प्रशिक्षक कसा निवडावा?

एखादा संघ सामन्यामागून सामने हरू लागला म्हणजे पहिली ओरड प्रशिक्षकाविरुद्ध होते. प्रेक्षक म्हणतात, प्रशिक्षक बदला. वर्तमानपत्रे म्हणतात, प्रशिक्षक बदला. आणि अखेर संघाचा मालकही तेच म्हणू लागतो. सगळेच्या सगळे खेळाडू एकदम बदलणे कठीण, एक माणूस बदलणे सोपे, हे त्याचे साधे कारण आहे. परंतु जुन्या प्रशिक्षकास निरोप दिल्याने अर्धेही काम होत नाही. त्याच्या जागी कोणास आणावयाचे, हा खरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर चुकले तर संघ आणखी चार-पाच वर्षे मागे पडतो, पैसा जातो, आणि ज्यांच्या उमेदीची वर्षे मोजकीच असतात अशा तरुण खेळाडूंची ती वर्षे फुकट जातात.

हा प्रश्न आम्ही येथे अमेरिकेतील एका प्रसिद्ध धंदेवाईक बास्केटबॉल संघाच्या इतिहासावरून अभ्यासणार आहोत. धंदेवाईक संघ म्हणजे ज्यातील खेळाडूंस खेळण्याबद्दल वेतन मिळते व खेळ हाच ज्यांचा उदरनिर्वाह असतो असा संघ. बॉस्टन शहराचा ‘सेल्टिक्स’ हा तसा संघ आहे. २०२४ अखेर त्याने अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद १८ वेळा मिळविले होते. तथापि हाच संघ अनेकदा तळासही गेला. त्यांपैकी १९५०, १९९७ आणि २०१३ या तीन वर्षी संघाने बाहेरून नवा प्रशिक्षक आणला, आणि तिन्ही निवडींचे फळ निरनिराळे मिळाले. एकाच संघाचे तीन दाखले असल्यामुळे त्यांची तुलना करणे सोपे जाईल.

खेळ जाणणे वेगळे, संघ घडविणे वेगळे

आरंभी एक सर्वसाधारण गैरसमज दूर केला पाहिजे. ज्यास खेळ उत्तम समजतो तो उत्तम प्रशिक्षक होतोच, असे आपण सहज धरून चालतो. बास्केटबॉलच्या जन्मकथेतच याचे उत्तर आहे. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात, जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनी हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून हा खेळ तयार केला. व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि वर्गातील अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊंचे दोन पक्ष करून खेळ सुरू केला. पुढे १८९८ पासून १९०७ पर्यंत नेस्मिथ हे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते. त्या काळात त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. विजयांहून पराजय अधिक असलेले त्या विद्यापीठाचे ते एकमेव प्रशिक्षक होत! उलट त्यांचेच शिष्य फॉग ॲलन यांनी त्याच विद्यापीठाच्या संघास शेकडो विजय मिळवून दिले. खेळ निर्माण करणाऱ्यापेक्षा त्याच्या शिष्यास संघ घडविण्याची विद्या अधिक साधली.

उत्तम खेळाडूविषयीही तेच म्हणता येईल. बॉब कूझी हे सेल्टिक्सचे एक अत्यंत चतुर खेळाडू होते. सहकाऱ्यास गुण मिळवून देणारा अचूक पास देण्यात ते लागोपाठ आठ हंगाम देशात पहिले आले. परंतु १९६९ मध्ये ते सिनसिनाटीच्या धंदेवाईक संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांच्या वाट्यास विजयांपेक्षा पराजयच अधिक आले. जे स्वतःच्या हातास सहज साधते, ते दुसऱ्यास समजावून देणे तितके सहज नसते. म्हणून नुसते नाव पाहून निवड करणे धोक्याचे असते.

पहिला दाखला : १९५०

सेल्टिक्स संघाची स्थापना १९४६ मध्ये वॉल्टर ब्राउन यांनी केली. ब्राउन हे मूळचे बर्फावरील हॉकीच्या व्यवहारातले गृहस्थ. बास्केटबॉलची त्यांस फारशी माहिती नव्हती. पहिल्या चार हंगामांत संघाने एकदाही विजयांची संख्या पराजयांच्या वर नेली नाही. १९४९-५० च्या हंगामात तर २२ विजय व ४६ पराजय होऊन संघ आपल्या विभागात शेवटचा आला. त्या वेळचे प्रशिक्षक ज्युलियन हे काही सामान्य गृहस्थ नव्हते. बॉस्टननजीकच्या वूस्टर गावातील होली क्रॉस महाविद्यालयास त्यांनी १९४७ मध्ये महाविद्यालयीन गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले होते. म्हणजे ब्राउन यांनी एकदा गाजलेले नाव निवडून पाहिले होते, आणि त्याने संघाचे भले झाले नव्हते.

१९५० मध्ये त्यांनी रेड आवरबॅक या ३२ वर्षांच्या तरुणास बोलावले. आवरबॅक हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले, रशियातून आलेल्या एका ज्यू स्थलांतरिताचे चिरंजीव. त्यांच्या वडिलांचा कपडे धुऊन देण्याचा व्यवसाय होता. वॉशिंग्टनच्या धंदेवाईक संघाचे प्रशिक्षक म्हणून १९४६-४७ मध्ये त्यांनी ६० पैकी ४९ सामने जिंकले होते. त्यानंतर ‘ट्राय-सिटीज’ नावाच्या संघाकडे ते एक हंगाम राहिले. परंतु मालक बेन कर्नर यांनी त्यांस न विचारता एका खेळाडूची अदलाबदल केली, म्हणून त्यांनी ती जागा सोडली. पुष्कळ मालकांस अशा माणसाची धास्ती वाटली असती. जो एका मालकाशी पटवून घेत नाही, तो दुसऱ्याशी काय पटवून घेणार? परंतु या वर्तनाचा दुसराही अर्थ होतो. ज्याच्यावर जयापजयाची जबाबदारी आहे, त्यास खेळाडूंच्या निवडीतही शब्द असला पाहिजे, असे आवरबॅक यांचे म्हणणे होते. आणि ब्राउन यांनी त्यांस तसा अधिकार दिला.

याचा परिणाम लगेच दिसला. १९५०-५१ मध्ये संघाने ३९ सामने जिंकले व ३० गमावले. त्याच वर्षी सेल्टिक्सने चक कूपर या खेळाडूस निवडले. या राष्ट्रीय संघटनेतील एखाद्या संघाने खेळाडूंच्या वार्षिक निवडीत कृष्णवर्णीय खेळाडू घेण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. वर्ण पाहावयाचा नाही, खेळ पाहावयाचा, हे धोरण तेव्हापासून या संघाने धरले.

चूक आणि तिची दुरुस्ती

याचा अर्थ आवरबॅक यांचे सगळेच निर्णय अचूक होते असा नव्हे. १९५० साली पहिली निवड करण्याचा हक्क सेल्टिक्सकडे होता. होली क्रॉसमध्ये नाव मिळविलेल्या कूझींस घ्यावे, असा बॉस्टनच्या लोकांचा आग्रह होता. आवरबॅक यांनी तो झुगारून चार्ली शेअर या उंच खेळाडूस निवडले. कूझी दुसरीकडे गेले. पण शिकागोचा जो संघ त्यांस घेणार होता तो बंद पडला, आणि त्या संघाच्या तीन खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत घालून काढण्यात आल्या. सेल्टिक्सच्या वाट्यास कूझींची चिठ्ठी आली. नको म्हटलेला खेळाडू असा दैवयोगाने दारात येऊन उभा राहिला.

आवरबॅक यांची परीक्षा येथे झाली. आरंभी कूझींचे अनपेक्षित पास सहकाऱ्यांच्या हाती लागत नसत. आपलेच मत खरे करून दाखविण्यासाठी आवरबॅक त्यांस बाकावर बसवून ठेवू शकले असते. तसे न करता त्यांनी सगळा संघ कूझींच्या वेगाभोवती बसविला. चेंडू हाती येताच प्रतिपक्ष सावरण्यापूर्वी धाव घेऊन गुण मिळवावयाचे, हीच पुढे सेल्टिक्सच्या खेळाची ओळख झाली. प्रशिक्षकाने चूक करू नये, अशी अपेक्षा व्यर्थ आहे. चूक समजल्यावर तो आपल्या अभिमानापुढे संघास उभा करतो, की संघापुढे आपला अभिमान बाजूस ठेवतो, हे पाहावयास हवे.

सात हंगामांची वाट

आता मालकाच्या परीक्षेकडे वळू. आवरबॅक यांच्या पहिल्या सहा हंगामांत सेल्टिक्सला अजिंक्यपद मिळाले नाही. इतकेच काय, अंतिम फेरीही गाठता आली नाही. तीन वर्षे न्यूयॉर्कने आणि पुढची तीन वर्षे सिराक्यूजने त्यांस बाद फेरीत हरविले. आजच्या रीतीप्रमाणे अशा प्रशिक्षकास तिसऱ्या-चौथ्या वर्षीच नारळ मिळाला असता. ब्राउन थांबले. संघ तोट्यात असताना पदरमोड करून थांबले.

या काळात संघात नेमके काय उणे आहे हे आवरबॅक यांनी ओळखले. संघ गुण पुष्कळ करी. परंतु नेम चुकून फळ्यावरून परत आलेला चेंडू झडपणारा, ज्यास खेळाडू ‘रिबाउंड’ म्हणतात ते काम करणारा भक्कम माणूस संघात नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? चेंडूच हाती आला नाही तर कूझी धावणार कशाच्या बळावर? म्हणून १९५६ मध्ये त्यांनी एड मॅकॉली हा नामांकित खेळाडू व क्लिफ हेगन हा होतकरू खेळाडू, असे दोघे सेंट लुईसच्या संघास दिले आणि त्यांच्या बदली बिल रसेल यांस घेण्याचा हक्क मिळविला. रसेल हे गुणांच्या बेरजेसाठी नव्हे, तर बचावासाठी व रिबाउंडसाठी विख्यात होते. सेंट लुईसच्या त्या संघाचे मालक होते तेच बेन कर्नर!

१९५७ च्या अंतिम फेरीत याच दोन संघांची गाठ पडली. सातवा, निर्णायक सामना दोनदा वाढीव वेळ देऊन संपला आणि सेल्टिक्सने तो १२५ विरुद्ध १२३ असा जिंकला. पुढच्या वर्षी सेंट लुईसने परतफेड केली. परंतु १९५९ पासून १९६६ पर्यंत लागोपाठ आठ वर्षे अजिंक्यपद बॉस्टनकडेच राहिले. दहा हंगामांत नऊ अजिंक्यपदे! आवरबॅक यांचा स्वभाव तापट होता. पंचांशी त्यांचे वरचेवर खटके उडत, आणि १९५७ च्या त्या मालिकेत तर त्यांनी कर्नर यांच्यावर हात उचलला. ते वर्तन अनुकरणीय खासच नव्हे. योग्य माणूस म्हणजे निर्दोष माणूस नव्हे, एवढेच त्यावरून ध्यानात घ्यावे.

१९६६ मध्ये बाजूस होताना आवरबॅक यांनी आपल्या जागी रसेल यांस नेमले. रसेल हे या संघटनेतील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. अमेरिकेत वर्णभेदाविरुद्धचा लढा ऐन भरात असतानाचा हा निर्णय होता. खेळाडू आणि प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी रसेल यांनी १९६८ व १९६९ ही दोन अजिंक्यपदे मिळविली. महान खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असे नाही, हे आपण कूझींच्या उदाहरणावरून पाहिले. होतच नाही असेही नाही, हे रसेल यांनी दाखविले. म्हणूनच निवड नियमावरून नव्हे, माणूस पाहून करावी लागते.

दुसरा दाखला : १९९७

१९९६-९७ च्या हंगामात सेल्टिक्सने ८२ पैकी केवळ १५ सामने जिंकले. त्यानंतर संघाने रिक पिटिनो यांस आणले. त्यांनी १९९६ मध्ये केंटकी विद्यापीठास महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळवून दिले होते. त्यापूर्वी न्यूयॉर्कच्या धंदेवाईक संघासही त्यांनी चांगले दिवस दाखविले होते. म्हणजे नाव मोठे, अनुभवही होता. अधिकार तर इतका दिला की संघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यासाठी वयोवृद्ध आवरबॅक यांस ते पद सोडावे लागले.

मग उणे कोठे पडले? दैवाची साथ नव्हती, हे खरे. ज्या टिम डंकन या खेळाडूची संघास आशा होती, तो सान अँटोनिओच्या वाट्यास गेला. परंतु दैव नसताना धीर धरावा लागतो, आणि येथे धीर नव्हता. तिसऱ्या क्रमांकाने निवडलेला चॉन्सी बिलप्स हा तरुण खेळाडू केवळ ५१ सामने खेळला, आणि तो हंगाम संपण्यापूर्वीच त्यास दुसऱ्या संघाकडे धाडण्यात आले. हाच बिलप्स २००४ मध्ये डिट्रॉइटच्या विजयी संघातून खेळला व अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. अंकुर फुटला की नाही हे पाहण्यासाठी माती रोज उकरली, तर रोप रुजणार कसे?

त्यातच पद्धतीचाही प्रश्न होता. सबंध मैदानभर प्रतिपक्षास दाबून धरण्याची पिटिनो यांची रीत महाविद्यालयीन हंगामातील तीस-पस्तीस सामन्यांत तरुणांस झेपत असे. ८२ सामन्यांच्या धंदेवाईक हंगामात तीच रीत अंगावर येते. जानेवारी २००१ मध्ये पिटिनो यांनी राजीनामा दिला तेव्हा हिशेब होता १०२ विजय व १४६ पराजय. पुढे महाविद्यालयीन संघांकडे परतल्यावर त्यांनी पुन्हा यश मिळविले. म्हणजे त्यांच्या विद्येत खोट नव्हती. ती विद्या आणि या संघाची गरज यांचा मेळ बसला नाही.

तिसरा दाखला : २०१३

२०१३ मध्ये संघाने आपले दोन वयस्क, विख्यात खेळाडू ब्रुकलिनच्या संघास देऊन भविष्यकाळी तरुण खेळाडू निवडण्याचे हक्क घेतले. आता काही वर्षे हार पत्करावी लागणार, हे कारभाऱ्यांनी आधीच ओळखले होते. अशा वेळी त्यांनी ब्रॅड स्टीव्हन्स या ३६ वर्षांच्या प्रशिक्षकास निवडले. बटलर या लहानशा विद्यापीठाचा संघ त्यांनी २०१० व २०११ अशी दोन वर्षे राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेला होता. दोन्ही सामने ते हरले होते. धंदेवाईक संघ त्यांनी कधीच हाताळला नव्हता. कागदावर पाहिले तर ते पिटिनो यांच्यापेक्षा उणेच ठरतील.

परंतु नवशिक्या खेळाडूंस धीराने शिकवू शकेल असा माणूस, ही त्या वेळची गरज होती. करार सहा वर्षांचा करण्यात आला. पहिल्या हंगामात २५ विजय व ५७ पराजय झाले. तरी कोणी घाई केली नाही. पुढील तीन हंगामांत विजयांची संख्या ४०, ४८ आणि ५३ अशी चढत गेली. ब्रुकलिनकडून मिळालेल्या हक्कांतून पुढे जेलन ब्राउन व जेसन टेटम हे दोन तरुण संघात आले. स्टीव्हन्स यांस प्रशिक्षक म्हणून अजिंक्यपद मिळाले नाही. २०२१ मध्ये ते संघाचे कारभारी झाले, आणि २०२४ मध्ये जो मझुला यांच्या प्रशिक्षणाखाली त्याच ब्राउन-टेटम जोडीने अजिंक्यपद जिंकले. झाड एकाने लावले, फळ दुसऱ्याच्या हातून उतरले. पण बाग एकच होती.

निष्कर्ष

या तीन दाखल्यांवरून आम्हांस असे वाटते की, ‘सर्वांत मोठा प्रशिक्षक कोण?’ हा प्रश्नच आधी विचारू नये. आधी तीन प्रश्न विचारावे. आपल्या संघात नेमके उणे काय आहे? समोरचा माणूस ते उणे भरून काढील काय, आणि स्वतःचे मत चुकल्यास ते बदलील काय? आणि त्यास अधिकार देऊन वाट पाहण्याची आपली स्वतःची तयारी किती आहे? पहिले दोन प्रश्न प्रशिक्षकाची परीक्षा पाहतात, तिसरा मालकाची पाहतो. १९९७ मध्ये अधिकार भरपूर होता, पण मेळ व धीर नव्हता. १९५० आणि २०१३ मध्ये तिन्ही गोष्टी होत्या. तरीही फळास पहिल्या खेपेस सात हंगाम लागले आणि दुसऱ्या खेपेस त्याहून अधिक.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेत खो-खोचा कर्णधार निवडावयाचा असो, वर्गाचा प्रतिनिधी असो, की गावातील मंडळाचा कार्यवाह असो, हेच तीन प्रश्न उपयोगी पडतात. आपण बहुधा ज्याचे नाव पुढे असते त्यास निवडतो, आणि पहिल्याच पराजयानंतर त्याच्याविरुद्ध कुरकुर सुरू करतो. निवड ही एका दिवसाची गोष्ट असली तरी निवडलेल्यास साथ देणे हे वर्षभराचे काम आहे, आणि ते काम निवडणारांचे आहे.

विचारासाठी प्रश्न

१. मालकाशी मतभेद झाल्यामुळे जागा सोडलेल्या माणसास तुम्ही निवडले असते काय? कारणे द्या.

२. आवरबॅक यांस कूझी चिठ्ठीने मिळाले. मग सेल्टिक्सच्या यशात दैवाचा वाटा किती व माणसाचा किती?

३. वाट पाहणे आणि नाकर्त्या माणसास उगाच सांभाळणे यांतील भेद कोणत्या खुणांवरून ओळखाल?